जोखमीचा अहवाल आणि पहाऱ्याचं कंत्राट एकाच हाती दिलं, तिथेच फसलो

एका विकसनशील देशात गोदाम भाड्याने घ्यायचं होतं. तिथली जोखीम आधी तपासून घ्यावी म्हणून सल्लागार नेमला, फी आगाऊ भरली. लवकरच जाडजूड अहवाल आला. तक्ते, नकाशे, लाल-पिवळे-हिरवे पट्टे. आमचं गोदाम हिरव्या पट्ट्यात. मी करारावर सही केली.

पहिल्याच पावसात रस्ता पाण्याखाली गेला, ट्रक आतच अडकले. पाणी ओसरलं तर फाटकावर एक अनोळखी माणूस उभा. जागा माझी आहे, म्हणाला. कोर्टात जुना दावा होता, गोदामाच्या मालकाने तो लपवला होता. पहारेकरी आमच्या सल्लागारानेच सुचवलेल्या कंपनीचे. ते बाजूला झाले. जमिनीच्या भांडणात आम्ही पडत नाही, म्हणाले.

मग अहवाल पुन्हा ओळ न् ओळ वाचला. 'प्रत्यक्ष पाहणी'ची तारीख भर पावसाळ्यातली आणि फोटोत रस्ता कोरडा ठणठणीत, ट्रकमागे धूळ उडतेय! व्यवसायसुलभतेचा 'ताजा' क्रमांक जागतिक बँकेच्या 'डूइंग बिझनेस'मधला. आकडेवारीतल्या गडबडी उघड झाल्यावर बँकेने ते प्रकाशन सप्टेंबर २०२१ मध्येच बंद केलं होतं. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेची ० ते ७ ही देशांच्या जोखमीची श्रेणीही ठळक छापलेली. ती बघते तो देश परदेशी देणी फेडू शकेल का ते. एखाद्या गोदामाच्या सातबाऱ्याशी, म्हणजे तिथल्या जमिनीच्या कागदांशी, तिचा संबंध नाही. हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं.

पहारेकरी कंपनीच्या बिलासोबत त्यांचा आतला हिशोबाचा कागद चुकून आला, तेव्हा सगळा उलगडा झाला. आमच्या सल्लागाराच्या नावापुढे दरमहा कमिशन! भाग जितका सुरक्षित दाखवायचा तितका करार लवकर, आणि करार झाला की पहारा त्याच्याच माणसांचा.

माल कसाबसा बाहेर काढला. अनामत बुडाली.

तुम्ही अशा कामाला निघाला असाल तर जमिनीचे कागद आणि कोर्टातले दावे स्वतःच्या वकिलाकडून तपासा, गोदामाच्या मालकाने सुचवलेल्या वकिलाकडून नको. आसपासच्या ट्रकचालकांना पावसाळ्याबद्दल विचारा. पाहणीचा व्हिडिओ मुख्य रस्त्यापासून फाटकापर्यंत, न थांबवता काढलेला मागा. फीचा मोठा हिस्सा हातात राखा. आणि या कामात आणखी कोणाकोणाकडून पैसे मिळतात, हे सल्लागाराकडून सहीनिशी लिहून घ्या. टाळाटाळ केली तर फी भरू नका.