टीव्ही अॅपवरच्या जाहिरातींसाठी बाणेरची एजन्सी, ४ स्टार

लक्ष्मी रोडच्या आमच्या दुकानाची दिवाळीची जाहिरात स्मार्ट टीव्हीवर लावायची होती, बाणेरच्या एका छोट्या एजन्सीला काम दिलं. आधीचे एजन्सीवाले नुसता व्ह्यूजचा आकडा तोंडावर फेकायचे, कुठल्या अॅपवर लागली विचारलं की 'प्रीमियम आहे सर' एवढंच. यांनी अॅपची यादीच दिली आणि समोर बसवून दाखवलं, अॅप स्टोअरवर डेव्हलपरची वेबसाइट दिलेली असते ना, तिच्यावर अॅप-अॅड्स डॉट टीएक्सटी नावाची साधी फाइल, म्हणजे अॅपमधली जाहिरातीची जागा कोणी विकायची त्याची यादी, एकेका ओळीत एक्स्चेंजचं (जाहिरातीच्या जागेच्या ऑनलाइन बाजाराचं) डोमेन, विकणाऱ्याचा अकाउंट आयडी आणि पुढे डायरेक्ट (अॅपवाल्याचंच खातं) का रीसेलर (मधला विकणारा). विकणाऱ्याचा आयडी त्यात नसेल तर त्याच्याकडून जागा घ्यायचीच नाही, विषय संपला. ऑनलाइन जाहिरातींची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या आयएबी टेक लॅबने २०१९ मध्येच आणलंय हे, वर फुकट, मग आधीचे काय झोपले होते काय! पण नुसत्या फाइलने बॉटचे (माणसाऐवजी प्रोग्रामने केलेले) खोटे व्ह्यूज पकडले जात नाहीत, त्याला वेगळं व्हेरिफिकेशन लागतं, आणि त्याचे चार्जेस वेगळे हे बिल हातात आल्यावर कळलं. आधी सांगायला काय जातं? एक स्टार त्याचा कापला. बाकी काम चोख, फक्त जाताना टू-व्हीलर न्या, पार्किंगची बोंब आहे.