विद्यार्थी किती खूश आहेत ते सांगणाऱ्या ३ साइट्स, महिनाभर वापरून

भाचीला बाहेर शिकायला जायचंय, त्यामुळे महिनाभर रोज रात्री आम्ही दोघी, लॅपटॉप आणि दहा उघडे टॅब असा कार्यक्रम चालला होता. त्यात सगळ्यात जास्त वापरल्या त्या तीन साइट्स: ब्रिटनची डिस्कव्हर युनि, ऑस्ट्रेलियाची कम्पेअरएड आणि नॉर्वेची स्टुडिएबारोमेटरेट. तिन्ही फुकट आहेत, आणि आकडे तिथल्या विद्यार्थ्यांनीच सर्व्हेत दिलेल्या उत्तरांवरून येतात, कॉलेजच्या जाहिरातीतून नाही, हे मला आवडलं.

पण पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. भाचीने एक्सेल शीट केली आणि मला म्हणाली, "मावशी, नॉर्वेवाल्या कोर्सला ४.१ आहे, पाचपैकी, म्हणजे ८२ टक्के, आणि ब्रिटनवाल्याला ७९, म्हणजे नॉर्वे पुढे." मीही आधी हो हो केलं. मग लक्षात आलं की ४.१ ही सगळ्यांनी दिलेल्या मार्कांची सरासरी आहे आणि ७९ टक्के म्हणजे शंभरातल्या ७९ जणांनी चांगलं उत्तर दिलं एवढंच, कितपत चांगलं ते त्यात येतच नाही. दोन्ही एका रांगेत लावणं म्हणजे किलो आणि लिटरची बेरीज. शिवाय विचारतात कोणाला तेही वेगळं. ब्रिटनचा नॅशनल स्टुडंट सर्व्हे, जो २००५ पासून चालू आहे, तो शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारतो, नॉर्वेत बॅचलर्सच्या दुसऱ्या वर्षाला, आणि ऑस्ट्रेलियात पहिल्या आणि शेवटच्या दोन्ही वर्षांना. आता नवी नवलाई असलेला पोरगा आणि प्रोजेक्ट सबमिट करून अर्धमेला झालेला पोरगा एकच उत्तर देणार आहेत का?

हे खुश-नाखुश प्रकरण मुळात अपेक्षेवर चालतं. इंग्लंडमध्ये २०१२ला फीची मर्यादा वर्षाला ९००० पाउंड झाली, नॉर्वेत सरकारी युनिव्हर्सिटीत तिथल्या मुलांना ट्यूशन फी नाही, मग एवढे पैसे मोजणारा जास्त बारीक बघणारच ना. त्यात काही ठिकाणी लोक पटकन पाचपैकी पाच देतात, काही ठिकाणी कितीही आवडलं तरी तीन-चारच्या पुढे हात जात नाही. आमच्या कॉलेजात तर फीडबॅकचा फॉर्म शेवटच्या तासाला वाटायचे आणि सर समोरच उभे, सगळ्यांनी मुकाट्याने ५ ला गोल केला, मीही केला. तो आकडा जर कुठे छापला असता तर आम्ही जगातले सगळ्यात समाधानी विद्यार्थी ठरलो असतो 😄

खरी मजा मात्र जुने आकडे बघताना आली. ऑस्ट्रेलियात २०१९ला ७८ टक्के पदवीच्या मुलांनी एकूण अनुभव चांगला सांगितला होता, २०२०ला ६९. ब्रिटनमध्ये ८३ वरून २०२१ला ७५. शिक्षक बहुतेक तेच, सिलॅबसही जवळपास तोच, कोविडमुळे वर्ग ऑनलाइन झाल्यावर गेलं काय तर लॅब, लायब्ररी, वर्गाबाहेर उभं राहून मारलेल्या गप्पा आणि सरांना जाता जाता विचारलेली शंका. दोन टोकांचे देश पण घसरण जवळपास सारखीच, तेव्हा या गोष्टी लोकांना वाटतात तेवढ्या वरवरच्या नाहीत.

डिस्कव्हर युनि वापरणार असाल तर एकूण आकड्यावर अडकू नका, इंग्लंडसाठी तर तो प्रश्नच २०२३ पासून काढून टाकलाय. सरळ असेसमेंट आणि फीडबॅकच्या प्रश्नांवर जा. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं शिकवण्याला बरे मार्क मिळतात आणि फीडबॅकला कमी, कारण असाइनमेंटवर "छान, अजून सुधारणा हवी" एवढंच लिहून पुढची असाइनमेंट दिल्यावर पेपर परत आला तर त्याचं करायचं काय? आणि एखाद्या कोर्सपुढे आकडाच नसेल तर घाबरू नका, १० पेक्षा कमी किंवा निम्म्याहून कमी मुलांनी उत्तरं दिली की ते छापत नाहीत. आकड्याजवळची टीप पण वाचा, कधीकधी तो त्या कोर्सचा नसून अख्ख्या विषयाचा असतो.

कम्पेअरएड वापरायला सगळ्यात सुटसुटीत वाटली, शिकवणं, सपोर्ट, साधनं वेगवेगळी दिसतात आणि सोबत नोकरी-पगाराचेही आकडे मिळतात. तिन्हींबद्दल तक्रार एकच: बाहेरून आलेल्या मुलांचं मत एकूण आकड्यात मिसळून जातं, आणि भाड्याची खोली, व्हिसा, एकटेपणा असले आमच्या कामाचे प्रश्न तिथे जवळपास नाहीतच. त्यासाठी तिथे शिकणाऱ्या दोघा-तिघांना फोनच करावा लागला.

एकाच देशात, एकाच विषयाचे दोन कोर्स ताडून बघायला पाचपैकी चार स्टार. देशादेशांची तुलना करायला एक, तोही फुकट आहे म्हणून. भाचीने आता प्रत्येक देशाची शीट वेगळी केलीय आणि पहिला कॉलम फीडबॅकचा ठेवलाय, नॉर्वेचं ४.१ तसंच आहे पण त्याच्यापुढचं ८२ तिने खोडलंय.