'ट्रू ब्यूटी' की 'गंगनम ब्यूटी' : एकीलाच वेळ देता येणार असेल तर

'ट्रू ब्यूटी' आणि 'माय आयडी इज गंगनम ब्यूटी' या दोन्ही कोरियन मालिका नेव्हर या तिथल्या संकेतस्थळावरच्या वेबटूनवरून, म्हणजे पडद्यावर वाचायच्या चित्रकथांवरून, घेतलेल्या, दोन्ही सोळा भागांच्या, दोन्हींचा नायक चा उन-वू आणि दोन्हींचा विषय मुलीचा चेहरा. त्यामुळे एक पाहिली की दुसरी पाहण्याचे कारण उरत नाही, असे कोणी म्हटले तर ते वरवर पटते. मी दोन्ही पाहिल्या, त्याही उलट क्रमाने, म्हणजे २०२०-२१ ची 'ट्रू ब्यूटी' आधी आणि २०१८ ची 'गंगनम ब्यूटी' नंतर. सोळा भाग म्हणजे रोज एक पाहिला तरी दोन आठवड्यांहून अधिक काळाचा मामला, आणि तेवढी सवड एकाच मालिकेसाठी असणारे वाचक अनेक असतील, हे गृहीत धरून मी हे लिहितो आहे.

आधी 'ट्रू ब्यूटी'च्या बाजूने बोलणे न्यायाचे ठरेल, कारण सोबत म्हणून ती मालिका फार चांगली आहे. वडिलांची फसवणूक होऊन पैसे बुडाल्यामुळे जुन्या घरी परतलेले कुटुंब, जरब बसवणारी आणि तितकीच हळवी आई, पुढाकार घेणारी थोरली बहीण आणि तिच्यापुढे लाजून चूर होणारे शिक्षक, हा सगळा गोतावळा असा जमला आहे की नायक-नायिकेचे प्रकरण मागे पडले तरी घरातले जेवणाचे प्रसंग पाहावेसे वाटतात. आईच्या भूमिकेतील जांग हे-जिन ही 'पॅरासाइट' चित्रपटातील आई, हे ओळखीच्या चेहऱ्यामुळे अनेकांच्या लक्षात येईलच. मेकअपआड आपला खरा चेहरा लपवणाऱ्या नायिकेच्या, जू-ग्यॉंगच्या, भूमिकेतील मून गा-यॉंग विनोदात कसलीही भीड ठेवत नाही. चा उन-वूही येथे पुष्कळ सैलावलेला आहे, आणि जिथे तो कमी पडतो तिथे ह्वांग इन-योपचा हान सो-जून, म्हणजे दुसरा नायक, प्रसंग उचलून धरतो. भयकथांच्या चित्रपुस्तकांची आवड असलेली दोन माणसे पुस्तके भाड्याने देणाऱ्या दुकानात भेटतात, ही कल्पना तर मला अजूनही प्रेमकथांच्या नेहमीच्या सुरुवातींपेक्षा सरस वाटते.

'गंगनम ब्यूटी' त्या मानाने संथ आहे. तिच्यात घर कमी आणि विद्यापीठातला रसायनशास्त्र विभाग जास्त, आणि त्या विभागातील कुजबुज, मद्याच्या मैफली, एकमेकांवरचे शेरे हे सगळे पहिल्या चार-पाच भागांत जरा पुनरुक्तीच्या वाटेने जाते. चा उन-वूचा दो ग्यॉंग-सॉक अबोल आहे हे मान्य केले, तरी त्यातला किती अबोलपणा पात्राचा आणि किती अवघडलेपण नटाचे, हा प्रश्न मला पडला होता. ज्यांना पहिल्याच भागात हसू आणि हुरहुर दोन्ही हवे असते, त्यांना ही मालिका कदाचित कोरडी वाटेल, आणि त्यात त्यांची चूक आहे असे मला म्हणवत नाही.

असे असूनही माझा कौल दुसरीकडे का गेला, याचे कारण एकच आहे आणि ते कथेत नसून कॅमेऱ्यात आहे. वेबटून कागदावर, किंवा खरे तर बोटाने खाली सरकत जाणाऱ्या पडद्यावर, काढलेले असते. त्यामुळे मेकअप पुसल्यावर जू-ग्यॉंगचा चेहरा अगदी वेगळा काढण्याचे स्वातंत्र्य चित्रकाराला असते. मालिकेला हे स्वातंत्र्य नाही. तिथे मून गा-यॉंगच आहे. तिला जाड चष्मा लावला, गालांवर तांबडे डाग आणि पुटकुळ्या रंगवल्या, केस विस्कटले, की हा 'कुरूप' चेहरा झाला असे आपण मानायचे. एवढ्यावर भागले असते तर मी ते संकेत म्हणून सोडून दिले असते. आपल्या रंगभूमीवरही दाढी लावली की माणूस म्हातारा झाला असे आपण मानतोच.

परंतु ही मालिका त्या चेहऱ्याकडून दोन विरुद्ध कामे करून घेते. आधीच्या शाळेत याच चेहऱ्यामुळे जू-ग्यॉंगचा जो छळ झाला तो दाखवताना आपले डोळे भरून यावेत अशी मालिकेची अपेक्षा असते. आणि थोड्याच वेळात तोच चेहरा लपवत ती रस्त्याने पळू लागली की खट्याळ संगीत सुरू होऊन आपण हसावे अशीही अपेक्षा असते. मी हे अकरावीतल्या भाचीसोबत दिवाळीच्या सुट्टीत पाहत होतो. तिच्या कपाळावर त्या वर्षी पुटकुळ्यांनी ठाण मांडले होते. सहाव्या का सातव्या भागात असा एक प्रसंग आला तेव्हा मी हसलो, ती हसली नाही, आणि शांतपणे म्हणाली, "मामा, हे पुढे ढकल ना." मी पुढे ढकलले. त्यानंतर असा प्रसंग येण्याआधीच माझा हात रिमोटकडे जाऊ लागला, आणि जी मालिका पाहताना असे पुन्हा पुन्हा करावे लागते तिच्याविषयीचे प्रेम थोडे उणावते, एवढेच मी म्हणेन.

'गंगनम ब्यूटी'ने हाच पेच निराळ्या रीतीने सोडवला आहे. सोलच्या गंगनम भागात सौंदर्य-शस्त्रक्रियांचे दवाखाने गर्दीने आहेत, आणि त्यावरून शस्त्रक्रियेने घडवलेल्या, एकमेकींसारख्या दिसणाऱ्या चेहऱ्यांना तिथे कुचेष्टेने 'गंगनम ब्यूटी' म्हणतात. नायिका कांग मी-रे विद्यापीठात जाण्याआधी चेहरा बदलून घेते आणि कथा तिथून पुढे चालू होते. म्हणजे इतर प्रेमकथांत जे शेवटी घडते ते येथे आधीच घडून गेले आहे. तिचा जुना चेहरा आपल्याला नीट असा दाखवला जात नाही. ती पाठमोरी दिसते किंवा केसांआड दिसते. त्यामुळे ती खरोखर किती 'वाईट' दिसत होती याचा निवाडा करण्याची संधीच प्रेक्षकाला मिळत नाही, हसण्याची तर दूरच. मला हा निर्णय फार समंजस वाटला.

शिवाय लपवण्यासारखे काही उरलेलेच नाही. तिच्याकडे पाहताच लोक शस्त्रक्रिया ओळखतात आणि तोंडावर किंवा पाठीमागे बोलतात. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे मी-रे स्वतःही समोर आलेल्या प्रत्येक मुलीच्या चेहऱ्याला मनातल्या मनात गुण देत असते. जिने सोसले तीच तराजू घेऊन बसली आहे, हे दाखवायला धैर्य लागते, कारण त्याने नायिका थोडी नावडती होण्याचा धोका असतो. मी-रेच्या भूमिकेतील इम सू-ह्यांग तो धोका पत्करते. टॅक्सी चालवणारे मी-रेचे वडील मुलीच्या नव्या चेहऱ्यामुळे दुखावले जातात, ते प्रसंग थोडे आहेत, पण 'ट्रू ब्यूटी'तील अख्ख्या गोतावळ्याइतके मला ते लक्षात राहिले. प्रतिस्पर्धी मुलींची तुलनाही हेच सांगते: 'ट्रू ब्यूटी'तील सू-जिन मैत्रीण म्हणून सुंदर उभी राहते आणि मग कथेला खलनायिका हवी म्हणून एकाएकी वळवली जाते, तर 'गंगनम ब्यूटी'तील ह्यून सू-आ पहिल्यापासून गोड बोलून काटा काढणारी असूनही तिची भीती हळूहळू उलगडत जाते.

मराठी प्रेक्षकासाठी एक किरकोळ बाब. इंग्रजी सबटायटल्समध्ये सगळेच 'यू' होतात, पण कोरियन भाषेत वयाने आणि वर्गाने मोठ्याशी बोलण्याची रीत वेगळी असते, आणि तू-तुम्हीत वाढलेल्या कानाला वाक्याच्या शेवटी येणारे आदराचे 'यो' दोन दिवसांत ऐकू येऊ लागते. विद्यापीठातल्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना 'सन्बे' म्हणतात, त्या नावाखाली किती अरेरावी चालते, हे 'गंगनम ब्यूटी'त त्यामुळे अधिक बोचते.

केवळ विरंगुळा हवा असेल, घरातील सगळे एकत्र बसणार असतील, किंवा नायकापेक्षा दुसऱ्या नायकावर जीव जडवण्याची सवय असेल, तर 'ट्रू ब्यूटी' घ्यावी. फक्त शेवटच्या काही भागांत कथा दोन वर्षे पुढे उडी मारते आणि झालेली गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधते, तिथे चहा करायला उठले तरी फारसे बिघडत नाही. उरलेल्यांनी 'गंगनम ब्यूटी'चे पहिले पाच भाग धीराने पाहावेत, असे मी सुचवेन.

भाचीने पुढे 'ट्रू ब्यूटी' एकटीने पूर्ण केली, हान सो-जूनसाठी. 'गंगनम ब्यूटी' तिने परीक्षेनंतर सुरू केली आहे आणि परवा फोनवर तिने एवढेच विचारले की मी-रेचा आधीचा चेहरा कधी दाखवतात. मी उत्तर दिले नाही.