आठ महिने, अकरा कादंबऱ्या आणि अफूचा अर्क

दुपारी दोन ते साडेचार आमच्या मेडिकलमध्ये माशा मारायचं काम असतं. या वेळात गेल्या आठ महिन्यांत अकरा कादंबऱ्या संपवल्या, सगळ्या एकाच जातकुळीच्या. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला खराखुरा कादंबरीकार त्यात डिटेक्टिव्ह होतो. कधी चार्ल्स डिकन्स, कधी त्याचा दोस्त विल्की कॉलिन्स, कधी ब्राँटे बहिणी. पहिल्याच महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुकच केलं असतं.

सुरुवात विल्यम पामरच्या 'द डिटेक्टिव्ह अँड मिस्टर डिकन्स'ने केली. कॉलिन्सची गुप्त रोजनिशी सापडली, अशी त्यात बतावणी आहे. सोबतीला इन्स्पेक्टर फील्ड. हा फील्ड मला काल्पनिक वाटला होता, पण चार्ल्स फ्रेडरिक फील्ड नावाचा अधिकारी लंडन पोलिसांच्या डिटेक्टिव्ह खात्यात खरोखर होता. हे खातं १८४२ साली निघालं तेव्हा अख्ख्या लंडनसाठी माणसं आठ! डिकन्स या फील्डबरोबर रात्री सेंट जाइल्सच्या गल्लीबोळांत हिंडला आणि जून १८५१ मध्ये आपल्या साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला. तेव्हा त्याला डिटेक्टिव्ह करायला लेखकाला फार ताणाताण करावी लागत नाही.

खून कोणी केला हे मी आठवड्यात विसरतो. लक्षात राहते ती फट, म्हणजे खऱ्या आयुष्यातली ती रिकामी जागा, जिथे लेखक आपली गोष्ट घुसवतो. डिकन्सची पत्रंच बारा जाडजूड खंड भरतील एवढी छापलेली आहेत. कुठल्या दिवशी कुठे जेवला, कुणावर चिडला, सगळं कागदावर. अशा माणसाला चोरून खुनाच्या तपासाला पाठवायचं तर लेखकाला त्याच्या दिनक्रमातली मोकळी रात्र हुडकावी लागते. नशिबाने डिकन्सला झोप नव्हती. १८५७ च्या ऑक्टोबरात तो एकदा मध्यरात्री बिछान्यातून उठला आणि लंडनहून गॅड्स हिलच्या आपल्या गावाकडच्या घरापर्यंत तीसेक मैल चालत गेला. अशा माणसाला रात्री कुठेही भेटवता येतं.

ही फट सगळ्यात छान साधली आहे ती बेला एलिसच्या 'द व्हॅनिश्ड ब्राइड'ने. काळ १८४५. ॲन नोकरी सोडून घरी आलेली, ती जिथे कामाला होती तिथल्याच नोकरीवरून भाऊ ब्रॅनवेलला काढून टाकलेलं, शार्लट आणि एमिली घरीच. पुढच्या वर्षी त्यांचा कवितासंग्रह पुरुषी नावांनी निघाला आणि त्याच्या दोन प्रती खपल्या. त्याआधीच्या त्या रिकाम्या, उदास उन्हाळ्यात तिघी बहिणी शेजारच्या वाड्यातून नाहीशा झालेल्या बाईचा शोध घेतात. बायकांना कुणी तपासनीस म्हणून दारात उभं करणार नाही, म्हणून त्यांना दर वेळी काहीतरी निमित्त काढून आत शिरावं लागतं. खुनापेक्षा या निमित्तांची गंमत जास्त.

आता माझ्या धंद्याचं बोलतो. अशा पुस्तकात विष आलं की मी सावरून बसतो. इंग्लंडात १८५१ मध्ये आर्सेनिकचा कायदा झाला. त्याआधी उंदीर मारायचे आहेत म्हणावं आणि दुकानातून पुडी घेऊन जावं, एवढं सोपं होतं. कायद्यानंतर दुकानदाराने वहीत गिऱ्हाइकाची सही घ्यायची, अनोळखी माणूस असेल तर ओळखीचा साक्षीदार मागायचा, आणि किरकोळ विक्रीच्या आर्सेनिकात काजळी किंवा नीळ मिसळायची, म्हणजे पीठ-साखरेत कालवलं तर रंगावरून कळेल. ठरावीक औषधं कुणाला विकली याची नोंद आम्हाला ज्यात ठेवावी लागते, त्या शेड्यूल एच-वनच्या रजिस्टरचा हा पणजोबा! त्यामुळे १८५५ सालातला खुनी दुकानातून पांढरंशुभ्र आर्सेनिक बिनबोभाट आणतो, असं कुणी लिहिलं की माझा रस तिथेच आटतो. बायको म्हणते, "तुम्ही पुस्तक वाचता की इन्स्पेक्शनला जाता?"

आणि लॉडॅनम, म्हणजे दारूत उतरवलेला अफूचा अर्क. कॉलिन्स संधिवातासाठी घ्यायला लागला आणि आयुष्यभर सुटला नाही. त्याची 'द मूनस्टोन' १८६८ मध्ये आली. सोमनाथाच्या मूर्तीचा हिरा, श्रीरंगपट्टणची लूट, त्यामागे समुद्र ओलांडून आलेले तीन ब्राह्मण. रहस्य फोडत नाही, पण त्यात अफूचं काम मोठं आहे. त्याच वर्षी इंग्लंडात कायदा झाला, की अफूच्या बाटलीवर 'विष' अशी चिठ्ठी आणि विकणाऱ्याचं नाव-पत्ता हवा. हे कळल्यावर डॅन सिमन्सची 'ड्रूड' वेगळीच वाचली गेली. साडेसातशेच्या वर पानं, आणि सांगणारा कॉलिन्स, तोही अर्काच्या अंमलाखाली. ९ जून १८६५ च्या स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातापासून गोष्ट सुरू होते. डिकन्स खरंच त्या गाडीत होता. जखमींना ब्रँडी पाजून तो पुन्हा लटकत्या डब्यात चढला आणि कादंबरीचं हस्तलिखित घेऊन आला. मधली दोनशे पानं कमी केली असती तरी चाललं असतं. पण कॉलिन्सचा मत्सर असा उतरलाय की डिकन्सच्या थोरवीची पुटं आपोआप गळून पडतात.

कारण बाकीच्या डिकन्स-पुस्तकांशी माझं भांडण तेच आहे. तो फार संत असतो. जे. सी. ब्रिग्जच्या 'द मर्डर ऑफ पेशन्स ब्रूक'मध्ये खून होतो तो युरेनिया कॉटेजमध्ये. रस्त्यावर आलेल्या मुलींना नवं आयुष्य मिळावं म्हणून अँजेला बर्डेट-कूट्स या धनाढ्य बाईच्या पैशाने डिकन्सने चालवलेलं हे घर खरं होतं. पुस्तक नीटनेटकं, ओलावा असलेलं, आवडलं. पण दहा मुलांची आई असलेल्या त्याच्या बायकोला, कॅथरीनला, त्याने पुढे १८५८ मध्ये घराबाहेर काढलं, तो माणूस यात सापडत नाही. दुसरी तक्रार थोडी छोटी. रस्त्यात भेटलेला प्रत्येक पाकीटमार पुढच्या कादंबरीतलं पात्र असायलाच हवा का? पहिल्यांदा ओळखलं की टाळी, दहाव्यांदा जांभई.

या सगळ्यानंतर ज्युलियन बार्न्सची 'आर्थर अँड जॉर्ज' वाचली आणि थोडा गप्प झालो. इथे फट शोधावी लागत नाही, कारण शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल खरोखरच तपासाला उतरला होता. जॉर्ज एडल्जी हा वकील, त्याचे वडील शापुरजी मूळ मुंबईचे पारशी, ग्रेट वर्ली गावचे ख्रिस्ती पाद्री झालेले. १९०३ मध्ये गावात जनावरांची पोटं रात्री कुणीतरी फाडत होतं. त्या आरोपाखाली जॉर्जला सात वर्षांची शिक्षा झाली. डॉयल त्याला हॉटेलात भेटायला गेला तेव्हा जॉर्ज वर्तमानपत्र अगदी डोळ्याजवळ, तेही तिरकं धरून वाचत होता. डोळ्यांचा डॉक्टर असलेल्या डॉयलने ओळखलं, की हा माणूस काळोखात शेतं तुडवत जनावरापर्यंत पोचूच शकत नाही. १९०७ मध्ये त्याने लेख लिहून गदारोळ केला, माफी मिळाली, भरपाई मात्र नाही. दुकानात चिठ्ठी नाकाला लावून वाचणारी माणसं रोज येतात. मी त्यांना चष्म्याचा नंबर तपासून घ्या एवढंच सांगतो.

नव्याने सुरू करणाऱ्याने ब्राँटे बहिणींपासून करावी, 'ड्रूड' पावसाळ्यासाठी ठेवावी. मॅथ्यू पर्लच्या 'द लास्ट डिकन्स'बद्दल मत देता येत नाही. डिकन्सच्या शेवटच्या अपुऱ्या कादंबरीचा उरलेला भाग कुठे गेला, याचा शोध बॉस्टनचा प्रकाशक त्यात घेतो. मला मिळालेल्या जुन्या प्रतीची शेवटची सोळा पानं कुणीतरी फाडून नेलेली आहेत. विकणारा पैसे परत द्यायला तयार आहे. मी अजून ठरवलेलं नाही.