‘द साउंड ऑफ सायलेन्स’: पिक की बोटं?

एकाच गाण्याची दोन रेकॉर्डिंग. 1964 चं सायमन आणि गारफंकल या अमेरिकन गायक जोडीचं, अकूस्टिक (विजेविना वाजणारी) गिटार आणि दोन आवाज. त्यावरच 1965 मध्ये निर्माता टॉम विल्सनने दोघांना न सांगता इलेक्ट्रिक गिटार, बास, ड्रम्स चढवले. जानेवारी 1966 मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर! गिटारवर हे गाणं शिकणाऱ्यापुढेही असेच दोन रस्ते: एक दणदणीत, एक हळुवार.

पिक (तारा छेडायची छोटी चपटी पट्टी) घेऊन स्ट्रमिंग केलं, म्हणजे सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवला, तर दोन-तीन संध्याकाळींत गाणं ओळखीचं वाजतं. एएम (ए मायनर), जी, सी, एफ, चारच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट. मित्रांबरोबर गच्चीवर म्हणायला झकास. पण सुरुवातीची ती कुजबुज स्ट्रमिंगमध्ये पार हरवते.

बोटांनी वाजवायला वेळ लागतो. अंगठा बासवर, म्हणजे वरच्या जाड तारांवर (सहावी सगळ्यात जाड): एएम आणि सीला पाचवी तार, जीला सहावी, एफला चौथी. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका खालच्या तीन बारीक तारांवर. माझा अंगठा जीवर यायच्या वेळी हमखास पाचवीलाच चिकटायचा, आठवडाभर नुसतं एएम-जी, एएम-जी घोटलं. मूळ रेकॉर्डिंगसारखं हवं तर कॅपो (सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चाप) सहाव्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या सहाव्या घरात. तिथे फ्रेट जवळजवळ असल्याने नकोसा एफही जरा सोपा जातो. सूर उंच वाटला तर कॅपो खाली सरकवा, कोण विचारतंय!

मी बोटांच्या बाजूने. चार माणसं गाणार असतील तेव्हा मात्र खुशाल पिक काढतो.