बारोलो की बार्बारेस्को? आधी गाव ठरवा

मिलान किंवा तोरीनोला जाणारं ओळखीतलं कुणी ना कुणी दर वर्षी विचारतं, "दोन दिवस मोकळे आहेत, बारोलोला जाऊ की बार्बारेस्कोला?" दोन्ही गावं इटलीच्या पिएमोंते प्रांतात, लांगेच्या टेकड्यांवर, आणि दोन्हींच्या नावाची तांबडी वाइन प्रसिद्ध. मधे आल्बा शहर, त्याच्या नैर्ऋत्येला बारोलो, ईशान्येला बार्बारेस्को. दोन्हीकडे द्राक्ष एकच, नेब्बिओलो. इटलीतल्या वाइनचा सरकारी हमीचा सर्वोच्च दर्जाही दोघींना एकाच वर्षी, 1980 साली, मिळाला. तरीही बारोलोला 'राजा' म्हणायचं आणि बार्बारेस्कोला 'राणी', ही तिथली जुनी सवय. मला ती पटत नाही. पुढे सांगतो का ते.

आधी पेल्यात काय येतं ते बघा. पहिल्यांदा नेब्बिओलो पिणारा हमखास फसतो. रंग इतका फिका, की कोकम सरबतात पाणी जास्त पडलंय असं वाटावं, आणि जुनी बाटली असेल तर कडेला विटकरी झाक. नाकाशी नेलं की गुलाब, सुकी चेरी, थोडं डांबर. म्हणून माणूस मोठा घोट घेतो आणि अर्धी पिकलेली जांभळं खाल्ल्यावर जीभ जशी जाड होते तशी होते. हा तुरटपणा म्हणजेच नेब्बिओलो. तो मुरायला वेळ लागतो, आणि दोन वाइनमधला कागदावरचा मुख्य फरकही वेळेचाच आहे.

नियमाप्रमाणे बारोलो किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडात. बार्बारेस्कोला 26 महिने पुरतात, लाकडात फक्त 9. म्हणजे 2022 च्या तोडणीची बार्बारेस्को 2025 च्या जानेवारीत विकायला मोकळी झाली, बारोलो 2026 च्या. यामागे जमीन आणि हवा आहे. बार्बारेस्कोच्या बागा सरासरीने सखल आणि तानारो नदीला जवळ. हवा जरा उबदार, द्राक्ष लवकर पिकतं, वाइन लवकर पिण्याजोगी होते.

इथपर्यंत सगळेच सांगतात. गोम पुढे आहे. बारोलो अकरा गावांच्या शिवारात पिकते, आणि या गावांचं आपसात जमत नाही. पश्चिमेकडे ला मोर्रा आणि खुद्द बारोलो, तिथली माती निळसर करड्या मार्लची, म्हणजे चुना मिसळलेल्या चिकणमातीची. वाइन सुवासिक, त्यातल्या त्यात मऊ. पूर्वेकडे सेर्रालुंगा, जमीन जुनी, चुनखडीची. तिथली वाइन दहा वर्षं तोंड उघडत नाही. बार्बारेस्कोची माती बरीचशी ला मोर्रासारखी. त्यामुळे ला मोर्राची बारोलो सेर्रालुंगाच्या सख्ख्या बहिणीपेक्षा बार्बारेस्कोच्या जास्त जवळची वाटते. म्हणून लेबलवरच्या मोठ्या नावाआधी गाव वाचा. वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर सेर्रालुंगा किंवा मोनफोर्ते, लवकर उघडायची असेल तर ला मोर्रा किंवा बार्बारेस्को.

फिरायला जाणाऱ्याचं गणित निराळं. बारोलोकडे बघायला जास्त आहे. फाल्लेत्ती घराण्याच्या किल्ल्यातलं वाइन संग्रहालय, ला मोर्राच्या चौकातून दिसणारा टेकड्यांचा सगळा पट. 2014 पासून हा मुलूख युनेस्कोच्या यादीत आहे, आणि गर्दीही त्या मानाने. बार्बारेस्को म्हणजे एक रस्ता आणि एक बुरूज, वर चढलं की खाली तानारोचं वळण. अर्ध्या दिवसात गाव संपतं, पण मला तेच आवडतं.

आणि तिथे सहकार आहे. आपल्याला साखर कारखान्यांमुळे या गोष्टीचं वेगळं कौतुक. 1894 साली आल्बाच्या वाइन विद्यालयाचे प्रमुख दोमित्सिओ काव्हात्सा यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणून बार्बारेस्को नावाने वाइन काढली. फॅसिस्टांच्या काळात ते बंद पडलं. 1958 मध्ये गावच्या पाद्र्याने एकोणीस छोट्या बागायतदारांना पुन्हा गोळा केलं, आणि पहिली काही वर्षं वाइन चक्क चर्चच्या तळघरात झाली. ती संस्था, प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को, आजही चालू आहे. चांगल्या वर्षी ती नऊ बागांच्या वाइन वेगवेगळ्या भरते. एकाच घरच्या बाटल्यांतून जमिनीचा फरक शिकायला याहून स्वस्त शाळा त्या भागात मला तरी सापडली नाही.

मुक्काम मात्र आल्बातच करा. तोरीनोहून रेल्वेने तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पांढऱ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या अळंबीचा, बाजार भरतो, तेव्हा खोल्यांचे भाव चढतात. द्राक्षतोडणी पाहायची तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. नाशिकच्या जानेवारी-मार्चच्या हंगामाशी गल्लत नको.

आता घरी आणायचं. करमुक्त मर्यादा दोन लिटरची, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. इथे मी निःशंकपणे बार्बारेस्को म्हणतो. सेर्रालुंगाची बारोलो घेऊन ती मुंबई-पुण्याच्या कपाटात दहा वर्षं ठेवली, तर एप्रिल-मेच्या दोन-तीन उन्हाळ्यांतच तिचा काढा होईल. वाइनचा फ्रीज असेल तर गोष्ट वेगळी. तांबड्या रश्श्याबरोबरही उघडू नका, तिखटाने तुरटपणा आणखी चढतो. मंद आचेवर शिजलेलं, मिरपुडीपुरतंच तिखट मटण करा आणि बाटली तासभर आधी उघडून ठेवा.