फाशांचा डबा: आठ महिने वापरल्यानंतर

संभाव्यतेच्या धड्यात मुलांचे गुण कधीच कमी पडत नाहीत, आणि त्यातच खरी फसगत आहे. नमुना अवकाश (म्हणजे सगळ्या शक्यतांची यादी) लिहितात, घटना लिहितात, भागाकार करतात, उत्तर बरोबर. आणि तोच मुलगा मधल्या सुट्टीत फासा हातात घेऊन म्हणतो, "पाच वेळा सहा आला नाही, म्हणजे आता येणारच." वहीतली संभाव्यता वेगळी आणि डोक्यातली वेगळी. या वर्षी ठरवलं, निम्मे तास फळ्याला द्यायचे आणि निम्मे डब्याला. डब्यात चाळीसेक फासे, नाणी, झाकणारे पेले, काही कोरे ठोकळे आणि कोड्यांची एक वही. नववी-दहावीच्या मुलांसोबत आठ महिने वापरून झाल्यावर हे लिहिते आहे.

सर्वांत जास्त चाललेला खेळ म्हणजे घोड्यांची शर्यत. एक ते बारा क्रमांकाचे घोडे, दोन फाशांची बेरीज येईल तो घोडा एक घर पुढे. पहिल्याच दिवशी एका मुलाने अट्टहासाने एक नंबरचा घोडा घेतला, "कोणीच घेत नाही म्हणून". सात-आठ फेकी झाल्यावर शेजारणीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने दोन्ही फासे उचलून उलटसुलट करून बघितले आणि हळूच घोडा खाली ठेवला. हे फळ्यावर सांगून होत नाही. मात्र एक चूक मी केली. वेळ वाचावा म्हणून पट्टी चारच घरांची ठेवली होती. तिच्यावर पाच, नऊ, एकदा तर तीन नंबरचाही घोडा जिंकला, आणि "सात जास्त वेळा येतो" हे माझं म्हणणं वर्गाने हसण्यावारी नेलं. पुढच्या आठवड्यात पंधरा घरांची पट्टी केली. सात दरवेळी जिंकला असं नाही, सहा आणि आठ त्याला घाम फोडतात, पण कडेचे घोडे पार मागे पडले. 36 पैकी सातला सहा वाटा, दोन आणि बाराला एकेकच, हा तक्ता मग मुलांनी स्वतःच मागितला. पट्टी लांब ठेवा, एवढंच सांगेन.

इथूनच मला माझी चाळणी सापडली. खेळातला फरक मुलांच्या हाताला लागला पाहिजे. या चाळणीत काही फार नावाजलेली कोडी गळून पडतात. एक फासा चार वेळा टाकून निदान एकदा सहा येणं आणि दोन फासे चोवीस वेळा टाकून निदान एकदा जोडसहा येणं, यातलं फायद्याचं काय? पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितींच्या 1654 च्या पत्रव्यवहाराशी जोडलेला हा प्रश्न वाचायला बहारीचा. पण उत्तरं आहेत साधारण 51.8 टक्के आणि 49.1 टक्के. हा फरक टेबलावर दिसायला हजारो डाव लागतील. आम्ही दोन तास घालवले आणि तीन गटांना नेमकं उलटं उत्तर मिळालं. तीन फाशांची बेरीज नऊ की दहा, या गॅलिलिओने सोडवलेल्या प्रश्नाचंही तेच: 216 शक्यतांमध्ये 25 विरुद्ध 27. ही दोन्ही कागदावर करा, फाशाला हात लावू नका.

याउलट 1969 मध्ये वॉल्टर पेनी यांनी मांडलेला नाण्याचा खेळ. तुम्ही छापा-काट्याचा तीनचा क्रम निवडा, मग मी निवडते. नाणं उडवत राहायचं, ज्याचा क्रम आधी दिसेल तो जिंकला. मुलाने "छापा-छापा-छापा" म्हटलं की मी "काटा-छापा-छापा" म्हणते आणि आठपैकी सात वेळा जिंकते. दहा डावांत वर्ग अस्वस्थ होतो, पंधराव्याला "नाणं बदला" अशी मागणी येते. कारण समजलं की मुलं कपाळावर हात मारतात: पहिल्याच तीन फेकींत तीन छापे पडले तरच तो जिंकणार. नाही पडले, तर पुढे कधीही सलग तीन छाप्यांच्या आधी कुठेतरी काटा असणारच, आणि काट्यानंतर दोन छापे पडले की माझा क्रम पुरा झालेला असतो. समोरच्याने कोणताही क्रम घेतला तरी त्याच्या मधल्याचं उलट पुढे लावायचं, मग त्याचे पहिले दोन. जिंकण्याचं प्रमाण कमीत कमी दोनास एक. आठ महिन्यांत मुलांनी आपणहून घरी नेलेला हा एकच खेळ.

संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडली एफ्रॉन यांचे चार फासेही चाळणीत टिकले. कोऱ्या ठोकळ्यांवर आकडे चिकटवले: पहिल्यावर 4, 4, 4, 4, 0, 0, दुसऱ्यावर सगळीकडे 3, तिसऱ्यावर 6, 6, 2, 2, 2, 2, चौथ्यावर 5, 5, 5, 1, 1, 1. पहिला दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला, आणि चौथा पहिल्याला, प्रत्येक वेळी दोन तृतीयांश संधीने. "सगळ्यांत भारी कोणता" या प्रश्नाला उत्तरच नाही, हे पचायला मुलांना वेळ लागतो. तक्रार एकच, चिकटवलेले आकडे महिन्याभरात सुटतात. आता पक्क्या शाईने लिहिलेत.

पेल्यांचं कोडं सगळ्यांना ऐकून माहीत असतं: तीन पेले, एकाखाली नाणं, तुम्ही एक निवडलात, मी उरलेल्यांतला एक रिकामा उघडून दाखवला, आता बदलणार का? 1990 मध्ये अमेरिकेतल्या स्तंभलेखिका मॅरिलिन व्होस सॅव्हंट यांनी "बदला" असं उत्तर छापल्यावर त्यांना विरोधाची हजारो पत्रं आली, लिहिणाऱ्यांत गणिताचे पदवीधरही होते. त्यामुळे मुलं अडली तर मी रागवत नाही. तीनऐवजी दहा पेले मांडून आठ रिकामे उघडले की निम्म्यांचा विरोध मावळतो. पण खरी मजा अपघाताने झाली. पेले उघडणारी मुलगी नाणं कुठे ठेवलं ते विसरली आणि न सांगता अंदाजाने उघडू लागली. कधी नाणंच उघडं पडायचं, तो डाव ती रद्द करायची. तासाच्या शेवटी तिच्या गटाचा तक्ता जवळपास निम्मा-निम्मा, बाकीच्यांचा दोनास एक. आधी मला वाटलं नोंदी चुकल्या. नोंदी बरोबर होत्या. उघडणाऱ्याला ठाऊक नसेल तर उरलेल्या डावांत संधी खरंच निम्मीच असते. हे मीही इतकं नीट कधी समजावलं नव्हतं.

वाढदिवसांचं कोडं मध्यम. कोणत्याही दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची संधी 23 जणांत निम्म्याहून किंचित जास्त, 40 जणांत सुमारे 89 टक्के. पण वर्ग एकदाच मोजता येतो, आणि आमच्या एका तुकडीत चाळीस असून एकही जोडी निघाली नाही. पडला चेहरा. दुसऱ्या तुकडीत जुळ्या बहिणी, म्हणजे प्रयोगच बाद. त्यातून बरं एवढंच निघालं की "माझ्याशी जुळणारा" आणि "कोणाचीही जोडी" यांतला फरक कळला: पहिल्याला निम्म्या संधीसाठी 253 जण लागतात, आणि 23 जणांतल्या जोड्याही बरोबर 253.

एक सवय मात्र सोडू नका. खेळाआधी अंदाज पेनने लिहून घ्यायचा, खाडाखोड नाही. सुरुवातीला मी घेत नव्हते, तर शेवटी सगळेच "मला माहीत होतं" म्हणायचे. अंदाज लिहायला लावल्यावर एक जुनी चूक ढिगाने निघाली: दोन नाण्यांत दोन छापे, एकेक, दोन काटे, म्हणजे तीन शक्यता आणि तिन्ही सारख्या. 1754 मध्ये डालांबेर या फ्रेंच गणितीने फ्रेंच विश्वकोशातल्या लेखात जवळपास हीच चूक छापली होती हे सांगितलं की मुलांना हायसं वाटतं. एक नाणं काळपट आणि एक चकचकीत दिलं की गोंधळ पाच मिनिटांत मिटतो.

आता डब्यातला खोटा फासा. स्वस्तातल्या फाशांत एक असा निघाला की एका गटाने रडारड केली, "याच्यावर सहाच येतो". नेहमीची कुरकुर समजून मी तीनशे वेळा टाकायला लावला. पन्नासच्या आसपास सहा यायला हवेत, ते सत्तरीच्या पुढे गेले. परत करायचा विचार होता, केला नाही. आता नवीन गटाला तो मुद्दाम इतरांत मिसळून देते, काही बोलत नाही, आणि कितव्या फेकीला शंका येते ते मागे उभी राहून मोजते. सर्वांत लवकरची शंका चाळिसाव्या फेकीच्या सुमारास आली होती. ती शेजारच्या, अगदी निर्दोष फाशावर.